एका घरीं दोन कारभारी

एकाच चाकरानें दोन धन्यांची सेवा करूं पाहिली तर काय होतें, याविषयींचें शुभवर्तमानांतील वचन आपल्या शाळेंतील प्रत्येक विद्यार्थ्यानें ऐकिलें आहे. गेल्या दिवाळीच्या सुटींत मीं घरीं जुळविलेल्या संगणकावर विंडोज व लिनक्स अशा दोन कार्यप्रणाल्या बसविल्या, तेव्हां एका वडील स्नेह्यांनीं त्या वचनाची आठवण देऊन ‘एका यंत्राला दोन धनी कशाला?’ असें मला विचारिलें. प्रश्न थट्टेचा होता. परंतु विचार करतां असें ध्यानांत आलें कीं, त्यांत धनी कोण व चाकर कोण याचीच गल्लत झाली होती. धनी आपण आहों. कार्यप्रणाली ही आपली कारभारीण होय. ज्याच्या घरीं एकच कारभारी आहे व ज्यास दप्तर स्वतः वाचतां येत नाहीं, तो नांवाचाच धनी. म्हणून ज्या विद्यार्थ्यास शक्य असेल त्यानें आपल्या संगणकांत दोन कार्यप्रणाल्या नांदवाव्या, व पालकांनीं त्यास आडकाठी करूं नये, असें माझें मत आहे.

संगणक सुरू होतांच मदरबोर्डावरील एका चिपेंत साठविलेली लहानशी आज्ञावली प्रथम जागी होते. जुन्या यंत्रांत तिला बायॉस म्हणत. आतां तिची जागा यू.ई.एफ.आय. या आज्ञावलीनें घेतली आहे. ती रॅम, डिस्क, कळफलक इत्यादिकांची हजेरी घेते व कारभार कोणाच्या हातीं द्यावयाचा तें पाहते. मग जी कारभार चालविते ती कार्यप्रणाली. दोन प्रणाल्या असल्या म्हणजे मध्यें बहुधा ‘ग्रब’ नांवाचा द्वारपाल उभा राहतो. तो दोघींचीं नांवें पडद्यावर दाखवून आज कोणीस बोलवावें हें आपणांस विचारतो. एक काम करीत असतां दुसरी डिस्कच्या आपल्या भागांत निजून असते.

लिनक्सचा जन्महि अशाच एका दुहेरी यंत्रावर झाला, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. १९९१ सालीं फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठांत लिनस टोरवाल्ड्स हा २१ वर्षांचा विद्यार्थी होता. त्याच्या ३८६ जातीच्या संगणकावर मिनिक्स ही प्रणाली होती. ती अँड्र्यू टॅनेनबॉम या अध्यापकांनीं विद्यार्थ्यांस शिकविण्यासाठीं लिहिली होती. तिच्याच शेजारीं तो आपल्या नव्या प्रणालीचा गाभा रचूं लागला. एके दिवशीं मोडेमास द्यावयाची आज्ञा त्यानें चुकून डिस्कला दिली व मिनिक्सचा भाग बिघडला. मिनिक्स पुन्हा बसवावी कीं आपली अपुरी प्रणालीच पुरी करावी, असा प्रश्न पडला. त्यानें दुसरा मार्ग धरिला, व आपलें लिखाण सर्वांस खुलें केलें. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनांत तोच गाभा आहे, आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगांतील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांच्या यादींतील एकूण एक यंत्र लिनक्सवर चालत आलें आहे.

दोन प्रणाल्यांचा पहिला लाभ ज्ञानाचा आहे. जो जन्मभर एकच भाषा बोलतो त्यास तिचे नियम सहसा दिसत नाहींत. मराठीचें व्याकरण १८०५ मध्यें श्रीरामपुरास छापून प्रसिद्ध करणारे विल्यम केरी हे परदेशीय मिशनरी होते, हा निव्वळ योगायोग नव्हे. अनेक भाषा शिकलेल्या मनुष्यास आपल्या बोलण्यांतील घडण दिसली. संगणकाचेंहि तसेंच आहे. एकच प्रणाली वापरणारा मुलगा ‘येथें दाबलें कीं तसें होतें’ एवढेंच शिकतो. दुसरी वापरूं लागला कीं तो ‘असें कां होतें?’ हें विचारूं लागतो.

याचें माझ्या घरांतील उदाहरण देतों. लिनक्स वापरून विंडोज उघडली कीं घड्याळ साडेपांच तास मागें पडे. बॅटरी गेली असें समजून मीं नवी घातली, तरीहि तेंच. शेवटीं कळलें कीं, मदरबोर्डावरील घड्याळांत लिनक्स जागतिक प्रमाणवेळ लिहून ठेवते व विंडोज तीच स्थानिक वेळ समजते. आणि भारताची वेळ जागतिक वेळेच्या बरोबर साडेपांच तास पुढें आहे. दोघींपैकीं एकीस दुसरीची रीत शिकविली व तंटा मिटला. भूगोलांतील रेखावृत्तांचा धडा माझ्या भाच्यास त्या दिवशीं जितका समजला, तितका वर्गांत समजला नव्हता.

दुसरी गोष्ट प्रामाणिकपणाची आहे, व ती मला अधिक महत्त्वाची वाटते. दुकानांतून घेतलेल्या लॅपटॉपवर बहुधा विंडोज विकत आलेलीच असते. परंतु मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारांतून मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम व कॅबिनेट आणून घरीं जुळविलेल्या संगणकाची डिस्क कोरी असते. तिजवर काय घालावें हा पहिलाच प्रश्न, आणि पुष्कळ घरीं त्याचें उत्तर चोरीची प्रत हें असतें. ‘सगळेच करतात’ असें म्हणून वडील माणसें मुलांच्या देखत हें करतात, आणि मग परीक्षेंत नक्कल करूं नये म्हणून त्यांस उपदेश करतात! ज्यास विंडोज हवी त्यानें ती विकत घ्यावी. ज्यास तितकें द्रव्य नाहीं त्यास लिनक्स उजळ माथ्यानें विनामूल्य मिळते. हा मार्ग मोकळा असतां चोरीस गरिबीची सबब उरत नाहीं.

तिसरी गोष्ट खर्चाची. विंडोज १० ची नेहमींची विनामूल्य देखरेख १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपली. विंडोज ११ करितां टी.पी.एम. २.० ही सुरक्षेची सोय व बरेचसे नवे प्रोसेसर लागतात. त्यामुळें कित्येक धडधाकट यंत्रें तिच्या पंक्तींत बसूं शकत नाहींत. अशीं यंत्रें भंगारांत घालण्यापूर्वीं त्यांवर लिनक्स चालवून पाहावी. पुष्कळ वेळां तींच यंत्रें धाकट्या भावंडांस आणखी कांहीं वर्षें पुरतात.

आतां आक्षेपांकडे वळूं. कोणी म्हणतील, मग विंडोज ठेवावीच कशाला? याचें उत्तर सरळ आहे. कांहीं कचेऱ्यांचीं कामें, हिशेबाच्या कित्येक आज्ञावल्या व मुलांचे कांहीं खेळ विंडोजवरच चालतात. एकीची भक्ति व दुसरीची निंदा करणें हें शिकलेल्या मनुष्यास शोभत नाहीं. दुसरा आक्षेप असा कीं, लिनक्स ही शाळकरी मुलांची वस्तु नव्हे. परंतु केरळांतील सरकारी शाळांत कित्येक वर्षें लिनक्सवरच संगणकशिक्षण चालत आलें आहे. आणि मराठी लिहिण्याची सोयहि तींत चांगली आहे.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे: मुलांच्या हातून घरचा संचय नष्ट होईल. ही भीति खोटी आहे असें मी म्हणूं शकत नाहीं. कारण कांहीं वर्षांपूर्वीं पहिल्या खेपेस माझ्याच हातून तें घडलें. डिस्कची वांटणी करतांना कोणता भाग रिकामा व कोणता भरलेला हें नीट न वाचतां मीं पुढें चालण्याची कळ दाबली, आणि ज्या भागांत माझ्या आईच्या शेवटल्या वर्षाचीं छायाचित्रें होतीं तो कोरा झाला. सात छायाचित्रें बहिणीच्या फोनांत सांपडलीं, बाकीचीं गेलीं. दोष यंत्राचा नव्हता व लिनक्सचाहि नव्हता. माझ्या उतावळेपणाचा होता.

म्हणून सांगतों, आधीं सर्व मोलाच्या वस्तूंची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी, व ती उघडून पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये. प्रथम पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावी. तेवढ्यानें डिस्कवर कांहींच लिहिलें जात नाहीं. आधीं विंडोज व मागून लिनक्स असा क्रम ठेवावा, नाहीं तर विंडोज आपलाच दरवाजा पुढें करते. डिस्क बिटलॉकरनें बंद असेल तर तिची किल्ली कागदावर उतरून ठेवावी. विंडोजमधील ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करावें. कारण त्या सोयीनें ती पुरती निजत नाहीं, आणि अर्धवट निजलेलीच्या दप्तरांत दुसरीनें हात घालणें बरें नव्हे. सर्वांत उत्तम म्हणजे दोघींस दोन वेगळ्या एस.एस.डी. द्याव्या, व दुसरी प्रणाली बसवितांना पहिलीची डिस्क काढून ठेवावी. आपण जुळविलेल्या यंत्रांत हें सहज साधतें.

पालकांस माझी एवढीच विनंति आहे कीं, मुलगा किंवा मुलगी हें काम करीत असतां ‘बिघडवशील’ म्हणून उठवूं नये. शेजारीं बसून ‘प्रत घेतलीस का?’ एवढें विचारावें. आणि विद्यार्थ्यांनो, तो प्रश्न तुम्हीं स्वतःस आधींच विचारलेला असावा. कारभारी दोन असोत कीं एक. घरच्या ठेवीची जोखीम धन्याची आहे, आणि धनी तुम्ही आहां.