परातीतील पसारा

धुळ्याच्या एका वाचक भगिनींनी विचारले आहे की, अडीच वर्षांच्या नातवाला ‘मेसी प्ले’च्या वर्गात घालावे काय? तेथे मुलांना ओल्या पिठात, रंगीत पाण्यात, मातीत मनसोक्त हात घालू देतात आणि त्याचे शुल्क घेतात. सूनबाईंचा आग्रह आहे. आजोबांना हा पैशांचा अपव्यय वाटतो. मी आयुष्यभर बँकेत कर्जाचे अर्ज तपासले. त्या सवयीने पहिला प्रश्न मनात येतो तो हा की, जे विकत घ्यावयाचे ते घरात आहे काय? येथे ते भरपूर आहे. परंतु पिठात हात घालणे हाच अपव्यय, असे जर आजोबांचे म्हणणे असेल, तर त्यावर थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

मनगटातील आठ लहान हाडे जन्माच्या वेळी कूर्चेचीच असतात. ती एकेक करून घट्ट होत जातात आणि शेवटच्या हाडाला साधारणतः नववे ते बारावे वर्ष उजाडते. अशा कोवळ्या हातात तिसऱ्या वर्षीच पेन्सिल देऊन अक्षरे गिरवून घेण्याची घाई आपल्या घरांत फार आहे. नर्सरीच्या प्रवेशाची धास्ती हे त्याचे कारण. पण पेन्सिल धरण्यासाठी जी चिमूट लागते, ती कणकेचा गोळा दाबून, ओला फडका पिळून, रव्यात बोटाने रेघा ओढूनच बळकट होते. हा पाया कच्चा राहिला, की पुढे मूल लिहावयास कंटाळते आणि आपण त्याला आळशी ठरवतो.

भाषेचेही तसेच आहे. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात 16 महिन्यांच्या बालकांवर एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 2013 च्या अखेरीस प्रसिद्ध झाले. मुलांना सूप, रस, पुडिंग असे 14 पातळ वा मऊ पदार्थ दाखवून त्यांना मुद्दाम रचलेली नावे सांगण्यात आली. ज्या मुलांनी ते पदार्थ चिवडले, हाताला फासले, त्यांना ती नावे अधिक चांगली ओळखता आली. कारण सोपे आहे. चेंडू किंवा पेला आकारावरून कळतो. वरण मात्र वाटीत वाटीसारखे आणि ताटात ताटासारखे. त्याची ओळख पटवावयाची तर त्यात बोट बुडवावेच लागते. मोबाईलच्या काचेवर आंबा आणि हत्ती बोटाला सारखेच लागतात. गल्ल्याशेजारी बाळाला मोबाईल देऊन बसविणारे व्यापारी बंधू मी पुष्कळ पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्पष्ट सांगितले आहे की, एक वर्षाच्या मुलाला बसवून पडदा दाखवूच नये आणि दोन वर्षांच्या मुलालाही दिवसाकाठी एका तासापेक्षा अधिक नको.

हे सारे परदेशातून आलेले खूळ आहे, असे कोणी म्हणेल, म्हणून ताराबाई मोडकांचे स्मरण करून देतो. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम करून त्या महाराष्ट्रात आल्या आणि 1936 साली दादरला शिशुविहार सुरू झाला. 1945 मध्ये त्या समुद्रकाठच्या बोर्डी गावी गेल्या. अनुताई वाघ तेथेच त्यांना येऊन मिळाल्या. माँटेसोरी पद्धतीची साधने महाग होती, खेड्याला परवडणारी नव्हती. ताराबाईंनी शंख-शिंपले, बिया, पाने, माती हीच साधने केली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. 1957 पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर चालले. पुढे 1975 साली सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द घरोघरी पोहोचला.

बोर्डीला शिंपले होते, तर आपल्याकडे परात आहे. जळगावच्या मे महिन्यात परातभर पाणी, दोन वाट्या आणि एक गाळणी एवढ्यावर दीड वर्षांचे मूल अर्धा तास रमते. पाणी गाळलेले घ्यावे आणि नंतर झाडांना घालावे. धुळेकरांना पाण्याचे मोल मी सांगावयास नको. बट्टीची कणीक मळताना लिंबाएवढा गोळा मुलाच्या हाती द्यावा. कापसाचे बोंड कुरवाळू द्यावे, सरकी मात्र आधी काढून. पोळ्याला मातीचे बैल आपण विकत आणतो. मूठभर मातीचा वाकडातिकडा बैल मुलाला करू द्यावा. ज्या घरांत चातुर्मासात ओल्या मातीला हात लावत नाहीत, त्यांनी कणकेचा करावा.

अन्नाचा अवमान होतो, ही दादीची हरकत मला रास्त वाटते. म्हणून किलोभर धान्य जमिनीवर ओतून छायाचित्रे काढण्याचा जो प्रकार हल्ली दिसतो, तो मला मान्य नाही. मूठभर पीठ पुरते. मुलाने थापलेली पोळी तव्यावर टाकावी, ती त्याचीच. बोटांनी अन्न हाताळणारी मुले नवी भाजी चाखावयास अधिक राजी होतात, असेही इंग्लंडमधील अभ्यासात आढळले आहे. कारले, गिलके न खाणाऱ्या नातवंडांच्या आज्यांनी याची नोंद घ्यावी.

काही गोष्टींत मात्र सवलत नको. शेंगदाणे, हरभरे, तूर, मणी हे तीन वर्षांखालील मुलाच्या हाती एकटे असताना कधीही देऊ नयेत; दाणा श्वासनलिकेत अडकतो. कच्चे पीठ तोंडात जाऊ देऊ नये. बादलीत वीतभर पाणी असले, तरी मुलाला तेथे क्षणभरही सोडू नये. चुना आणि बाजारातील गुलाल दूरच बरे.

आता त्या वर्गाविषयी. फ्लॅटमध्ये मूल दिवसभर एकटे असेल, सोबतीला दुसरे मूल नसेल, तर आठवड्यातून एक-दोनदा पाठविण्यास हरकत नाही. एका वेळी किती मुलांमागे एक ताई असते, हे आधी विचारावे आणि एकदा स्वतः बसून पाहावे. घरी करणार असाल, तर खाली जुनी चादर अंथरावी. पसारा भांडीवाल्या मावशींवर टाकू नये. मुलाच्या हातात एक छोटा ओला फडका द्यावा आणि आपण दुसरा घ्यावा. पुसण्याचे काम त्याला पिठाइतकेच आवडते.