घर करायला शेजाऱ्यांची सही कशाला?

स्त्री चळवळीने ‘घर’ या शब्दाची पुष्कळ चिकित्सा केली आहे. घरातली मारहाण, घरातले बिनमोल श्रम, घरावर नाव कोणाचे, नवऱ्याने हाकलले तर जायचे कुठे, हे प्रश्न आपण शिबिरांतून आणि मोर्चांतून मांडत आलो. पण घर कोणत्या वस्तीत असावे आणि त्यात कोणी कोणासोबत राहावे, हे ठरवणारी आणखी एक सत्ता आहे. पालिकेचे नगररचना खाते आणि त्याच्या जोडीला शेजारपाजार, अशी ही सत्ता. मनोरुग्णालयातून बऱ्या झालेल्या बायकांसोबत काम करताना माझी तिच्याशी वारंवार गाठ पडते. म्हणून हा लेख.

महाराष्ट्रात ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत. बरी झालेली, पण न्यायला कोणी नाही म्हणून वॉर्डात राहिलेली बाई तिथे काम करणाऱ्या कोणालाही नवीन नाही. नवऱ्याने दुसरे लग्न केलेले असते, आईवडील गेलेले असतात, भावाच्या घरात जागा नसते. आजार ओसरला तरी मुक्काम संपत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने याला उत्तर दिले आहे. त्याचे १९ वे कलम सांगते, की मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे. कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा राहायला घर नाही, एवढ्याच कारणाने तिला रुग्णालयात ठेवून घेता येणार नाही. अशांसाठी हाफ-वे होम, ग्रुप होम यांसारख्या सोयी शासनाने उभ्या कराव्यात किंवा त्यांना पाठबळ द्यावे, असेही हे कलम सांगते. तरीही मनोरुग्णालयातल्या रुग्णांना भिक्षेकरी गृहात किंवा तत्सम संस्थांत हलवण्याची पद्धत थांबवा, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाला बजावावे लागले. एका कुलपातून दुसऱ्या कुलपात, याला पुनर्वसन म्हणत नाहीत.

ग्रुप होम म्हणजे वॉर्ड नव्हे. पाच-सहा जणी एका साध्या भाड्याच्या घरात राहतात. स्वयंपाक, बाजारहाट, पाणी भरणे त्यांचे त्या करतात. मदतीला एक कार्यकर्ती असते. औषधे चालू असतात, जशी रक्तदाबाची असतात तशी.

असे एक घर आम्ही एका उपनगरात भाड्याने घेतले. सहा जणी जायच्या होत्या. बातमी पसरली आणि सोसायटीची सभा बोलावली गेली. मुले लहान आहेत, रात्री आरडाओरडा होईल, पाणी पुरणार नाही, फ्लॅटचे भाव पडतील. एक बाई मला म्हणाल्या, “ताई, तुमचे काम चांगलेच आहे हो, पण इथे नको.” आणि एक गृहस्थ म्हणाले, “यांना घरचे नेत नाहीत, मग आम्ही का ठेवून घ्यायचे?” ठेवून घ्या असे कोणी म्हटलेच नव्हते. सहा जणी भाडे भरून राहणार होत्या. पुढे पालिकेतून पत्र आले, की हा वापर निवासी नसून संस्थात्मक आहे, तरी शेजाऱ्यांचे ना-हरकत पत्र जोडावे. त्याच इमारतीत शिकवणीचे वर्ग होते, दातांचा दवाखाना होता आणि एका कंपनीची नोकर मुले एका फ्लॅटमध्ये आठ जण राहत होती. त्यांच्याकडे असले पत्र कोणी मागितले नव्हते. मालकाने अनामत परत केली. सहा जणी वॉर्डातच राहिल्या.

या हरकती तपासायच्या कशा? अमेरिकेतल्या एका खटल्याचा इथे उपयोग होतो. टेक्सास राज्यात क्लिबर्न नावाचे शहर आहे. तिथे १९८० मध्ये एक घर विकत घेतले गेले. त्यात मतिमंद (तेव्हाचा शब्द) स्त्री-पुरुष मिळून तेरा जण राहणार होते. त्या विभागात वसतिगृहे, खानावळीसह राहण्याची घरे, रुग्णालये, वृद्धांची शुश्रूषागृहे यांना मोकळीक होती. पण शहराने या घराला ‘मंदबुद्धींचे रुग्णालय’ ठरवले आणि विशेष परवाना मागितला. त्यासाठी दोनशे फुटांच्या आतल्या मालकांच्या सह्या आणायच्या आणि परवाना दरवर्षी नवा करायचा. नगर परिषदेने तीन विरुद्ध एक मतांनी परवाना नाकारला.

कारणे काय होती? शेजाऱ्यांचा विरोध आहे आणि म्हाताऱ्यांना भीती वाटते. समोर शाळा आहे, तिथली मुले या लोकांना त्रास देतील. पाचशे वर्षांतून एकदा पूर येऊ शकेल अशा पट्ट्यात जागा आहे. घरात माणसे फार होतील. सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये एकेक कारण हातात घेतले. त्या शाळेत तीसेक मतिमंद मुले शिकतच होती. पूर आला तर शुश्रूषागृहातल्या वृद्धांनाही बुडवणार होता, पण त्यांना परवाना लागत नव्हता. एवढीच माणसे वसतिगृहात राहिली तर चालणार होते. उरली शेजाऱ्यांची नापसंती, आणि केवळ नापसंती किंवा निराधार भीती हे नगरपालिकेच्या निर्णयाचे कारण होऊ शकत नाही, असे न्यायालयाने सांगितले. शहराचा निर्णय रद्द झाला. १९८८ मध्ये तिथल्या घरविषयक कायद्यात अपंगत्वावरून भेदभाव करण्याला बंदी आली.

मला यातली कसोटी महत्त्वाची वाटते. पाण्याची हरकत असेल तर ती शिकवणीवाल्यांनाही लावा. माणसे जास्त वाटत असतील तर आठ नोकर मुलांनाही मोजा. सगळ्यांना लागू होत नाही तो नियम नसतो.

याच्या मुळाशी ‘कुटुंब’ कोणाला म्हणायचे हा प्रश्न आहे, आणि तो तर आपलाच आहे. ओहायो राज्यातल्या ईस्ट क्लीव्हलँड शहराने एका घरात कोणते नातेवाईक राहू शकतात याची यादीच केली होती. इनेझ मूर या आजी मुलगा आणि दोन नातवांसह राहत. नातू सख्खे भाऊ नव्हते, चुलतभाऊ होते. त्यातला एक आई वारल्यावर तान्हा असताना आजीकडे आलेला. एवढ्यावरून त्या आजीला पाच दिवसांची कैद आणि पंचवीस डॉलर दंड झाला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मोडून काढले. पण त्याआधी १९७४ मध्ये त्याच न्यायालयाने बेल टेर या गावाचा, रक्ताचे नाते नसलेल्या दोनपेक्षा जास्त जणांनी एका घरात राहू नये, हा नियम उचलून धरला होता. म्हणजे नात्याने बांधलेल्यांना दार उघडे, मैत्रीने जमलेल्यांना बंद. आपल्याकडे एकट्या बाईला, घटस्फोटितेला, नोकरी करणाऱ्या चार मुलींना घर भाड्याने मिळताना जे ऐकावे लागते त्याची जात हीच आहे.

शेजाऱ्यांची भीती सगळी खोटी असते असे मी म्हणत नाही. सभेत विरोध करणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या, आणि घरातल्या मुलांची जबाबदारी त्यांच्यावरच टाकलेली असते. त्यांच्याशी बोलले पाहिजे. कोणाला फोन करायचा, रात्री घरात कोण असते, हे त्यांना कळले पाहिजे. आगीपासून सुरक्षितता, एका खोलीत किती जणी, संस्थेच्या कारभाराची तपासणी, हेही व्हायला हवे. ग्रुप होमच्या नावाखाली पंचवीस बायका कोंबणाऱ्यांना आपणच विरोध करू. पण ओळख करून देणे वेगळे आणि परवानगी मागणे वेगळे. शेजाऱ्यांची सही मागितली की राहण्याचा हक्क ही मेहेरबानी होते. ती अट आपण मान्य करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मैत्रिणींनो, करण्यासारखे बरेच आहे. विकास आराखडा आणि विकास नियंत्रण नियमांतले फेरबदल यांवर हरकती व सूचना मागवल्या जातात. बिल्डर त्या वेळी जागे असतात, आपण नसतो. लहान ग्रुप होम हा निवासी वापर समजावा, ही सूचना प्रत्येक गावातल्या संघटनेने लेखी द्यावी. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. आपल्या प्रभागातल्या नगरसेविकेला १९ वे कलम वाचून दाखवावे. आणि आपल्यापैकी अनेकजणी सोसायट्यांत राहतात. असा विषय सभेपुढे आला, तर हात वर करून उभे राहायला एक तरी जण हवी. आमच्या त्या सभेत तशी एकही नव्हती.