शक्यता म्हणजे नेमकी किती?

1951 साली अमेरिकी गुप्तचर विश्लेषकांनी एका इंग्रजी अहवालात युगोस्लाव्हियावरील हल्ल्याची ‘गंभीर शक्यता’ वर्तवली. विश्लेषक शर्मन केंट यांच्या मनात ती शंभरात 65 होती. त्याच मजकुराला संमती देणाऱ्या सहकाऱ्यांचे आकडे मात्र 20 पासून 80 पर्यंत विखुरलेले निघाले!

हवामान बदलाच्या अभ्यासाचा आढावा घेणाऱ्या ‘आयपीसीसी’ या आंतरसरकारी संस्थेने यावर चोख तोडगा काढला. ‘लाइकली’ म्हणजे किमान 66 टक्के, ‘व्हेरी लाइकली’ म्हणजे किमान 90. तापमानवाढीतील मानवी वाट्याबद्दल 2001 मध्ये पहिला शब्द आला, 2007 मध्ये दुसरा आणि 2021 मध्ये शंकेला जागाच उरली नाही. पुरावा वाढला, तशी भाषा ठाम झाली.

शब्द असे तोलून वापरण्याच्या सावधपणाला बोटचेपेपणा समजणे चूक आहे. संशोधनाच्या बातम्या देताना ‘शक्यता आहे’चे ‘सिद्ध झाले’ करण्याची घाई मराठी वृत्तपत्रांनीही सोडायला हवी.