इंग्रजींत विषय मांडतांना

हल्लीं महाविद्यालयांत नुसती उत्तरपत्रिका लिहून भागत नाहीं. परीक्षक व सहाध्यायी यांच्यासमोर उभें राहून, पडद्यावर मजकूर दाखवीत, आपला विषय दहा-पंधरा मिनिटें इंग्रजींत मांडावा लागतो. त्यास 'प्रेझेंटेशन' म्हणतात. आमच्या मळवलीहून लोकलनें पुण्यास जाणारीं मुलें रविवारीं आमच्या ओटीवर येतात, तीं बहुधा याच धास्तीनें. मराठी शाळेंत शिकलेल्या हुशार मुलाची या दहा मिनिटांत त्रेधा उडाली म्हणजे घरचीं वडील माणसें मनांत म्हणूं लागतात कीं, पोराला इंग्रजी शाळेंत घातलें नाहीं हा आपलाच अपराध. हा ग्रह खोटा आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे.

मुलगा अडतो तो पुष्कळदां इंग्रजीपाशीं नव्हे, विषयापाशीं. आम्ही प्रत्येकास प्रथम मराठींतच विचारतों, "बाळ, तुला सांगावयाचें आहे काय, तें एका वाक्यांत सांग." पडद्यावरचा मजकूर तोंडपाठ असतो, पण हें एक वाक्य येत नाहीं. आपल्या न्यायशास्त्रानें प्रतिज्ञा, हेतु, उदाहरण, उपनय व निगमन असे पांच अवयव सांगितले आहेत. डोंगरावर अग्नि आहे, हें आधीं सांगावयाचें. धूर दिसतो, हें मागून. एका मुलीचा विषय विहिरींच्या पाण्याचा होता. तिच्या तीस स्लाइडी. पहिल्या सहांत पाणी म्हणजे काय, याचीच व्याख्या! "या विहिरीचें पाणी पिण्यास योग्य नाहीं" हें वाक्य आम्हीं तिला पहिलें घ्यावयास लावलें, आणि तपासणीचे आंकडे त्याखालीं. स्लाइडी आठ उरल्या.

मग इंग्रजी. मराठींत क्रियापद शेवटीं येतें, इंग्रजींत कर्त्याच्या पाठोपाठ. लांब मराठी वाक्य मनांत जुळवून त्याचें भाषांतर करूं जाणारा मध्येंच लटकतो. यास्तव एका वाक्यांत एकच गोष्ट सांगावी. उच्चारांत साहेबाची नक्कल नको. जोर मात्र योग्य जागीं हवा. 'हॉटेल' या शब्दांत तो 'टेल'वर आहे, आपण 'हॉ'वर देतों. असे विषयांतले दहा-बारा शब्द कोशांत पाहून ठेवले कीं पुरे.

खरी परीक्षा भाषण संपल्यावर, प्रश्नांच्या वेळीं होते. १८९७ सालीं प्रो. गोपाळ कृष्ण गोखले लंडनास वेल्बी आयोगापुढें हिंदुस्थानच्या खर्चाविषयीं साक्ष देण्यास गेले, तेव्हां त्यांचें वय अवघें तीस होतें. साक्षीची तयारी न्यायमूर्ति रानडे व गणेश व्यंकटेश जोशी यांच्या साह्यानें झाली होती. (हे जोशी म्हणजे सार्वजनिक काका नव्हत, ते गणेश वासुदेव, १८८० सालींच वारले. हे आमच्याच पेशाचे, सरकारी शाळेंतले शिक्षक, आणि आंकड्यांत निष्णात.) परंतु आयोगासमोर उलटतपासणीस बसले ते एकटे गोखले. तेथें पाठांतर किती पुरणार? आंकड्यांचा उगम आणि अर्थ ठाऊक असल्यावांचून तेथें निभाव लागता ना.

म्हणून मुलांस आमचें सांगणें असें कीं, आरशासमोर बोलूं नका; आरसा प्रश्न विचारीत नाहीं. घरांत काका आहेत, आत्या आहेत, वहिनी आहेत. त्यांना रात्रीं जेवणें झाल्यावर बसवा आणि घड्याळ लावून बोला. ज्यांना तो विषय ठाऊक नाहीं, त्यांचेच प्रश्न अवघड असतात. त्या विहिरीच्या मुलीला तिच्या आजीनें मराठींत विचारलें, "पाणी उकळलें तर चालेल का ग?" पोरगी गप्प. तिच्या आठ स्लाइडींत हें कोठेंच नव्हतें. उकळल्यानें जंतु मरतात, पाण्यांत विरघळलेला क्षार जात नाहीं, हें तिनें पुढल्या रविवारीं आम्हांस इंग्रजींत नीट समजावून सांगितलें. मध्येंच मालगाडी गेली, तेव्हां थांबूं लागली. आम्हीं हातानेंच खुणावलें, चालूं दे.