शब्दविचार : ‘एक्सेप्शन’

सिरोंचा येथील एका वाचकभगिनीनें आम्हांस विचारिलें आहे कीं, आमच्याकडच्या मुलुखाचे कायदे वाचावयास घेतले म्हणजे ‘अपवाद’ हा शब्द पुनःपुन्हां आढळतो. तेव्हां आमच्या हातून असा कोणता अपराध घडला? प्रश्न विनोदानें केला असेल; परंतु त्यानें शब्दाच्या मर्मावरच बोट ठेविलें आहे.

मूळ इंग्रजी शब्द ‘एक्सेप्शन’. लॅटिन भाषेंतील ‘बाहेर’ व ‘घेणें’ या अर्थांच्या अवयवांपासून तो बनला. नियमांतून बाहेर काढून ठेविलेली गोष्ट, हा त्याचा पहिला अर्थ. परंतु इंग्रज मनुष्य एखाद्या बोलण्यास ‘एक्सेप्शन’ घेतो, तेव्हां तो कांहींच वगळीत नाहीं, हरकत घेतो. रोमन न्यायालयांत वादीच्या मागणीवर प्रतिवादी बचावाचा जो आक्षेप आणी, त्यास ‘एक्सेप्शियो’ म्हणत. आमच्या घरांतील विद्यार्थ्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें कीं, ‘मेक’ आलें तर सवलत, ‘टेक’ आलें तर तक्रार.

आपल्या ‘अपवादा’ची कथाही अशीच दुहेरी आहे. व्याकरणांत उत्सर्ग म्हणजे सामान्य नियम, आणि अपवाद म्हणजे त्यास बाध आणणारा विशेष नियम. परंतु लोकापवादास भिऊन श्रीरामांनीं सीतेचा त्याग केला, तेथें अपवाद म्हणजे निंदा. त्या माउलीच्या वांट्यास दोन्ही अर्थ एकदमच आले म्हणावयाचे!

आतां भगिनींच्या मुलुखाकडे वळूं. १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यानें कांहीं प्रदेश ‘वगळलेले’ व कांहीं ‘अंशतः वगळलेले’ ठरविण्याची सोय केली. १९३६ च्या यादींत तेव्हांच्या चांदा जिल्ह्यांतील सिरोंचा तहशिलीची अहेरी जमीनदारी, तसेंच गडचिरोली तहशिलींतील धानोरा, मुरुमगांव वगैरे जमीनदाऱ्या या दुसऱ्या वर्गांत घातल्या गेल्या. तेथें विधिमंडळाचा कायदा आपोआप चालत नसे. गव्हर्नर फर्मावील तेव्हांच, आणि त्यास योग्य वाटतील त्या ‘एक्सेप्शन्स’सह चाले. त्याच वर्षीं फैजपूरच्या काँग्रेसनें या वगळण्याविरुद्ध ठराव केला. म्हणजे एक्सेप्शनवरच एक्सेप्शन घेतलें गेलें. पुढें १९४३ सालीं डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनींही आदिवासींस निराळे ठेवण्याच्या धोरणावर ग्रंथरूपानें टीका केली. या सर्व वादांत स्वतः माडिया-गोंडांचा शब्द कितीसा ऐकूं आला, हा प्रश्न आम्हांस राहून राहून पडतो.

राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचींत हाच शब्द राज्यपालांच्या अधिकारांत आला. १९९६ च्या पेसा कायद्यांतही तो आहे. परंतु येथील अपवाद कोणाच्या मर्जीवर न सोडतां चौथ्या कलमांत लिहून ठेविले आहेत. गौण वनोपजाची मालकी ग्रामसभा व पंचायती यांस द्यावी, आणि जमीन संपादण्यापूर्वीं ग्रामसभेचा किंवा योग्य पातळीवरील पंचायतीचा सल्ला घ्यावा, हे त्यांपैकीं दोन.

तेव्हां हा अपवाद दोषाचा नव्हे, राखून ठेविलेल्या वांट्याचा आहे, असें आम्ही समजतों. मात्र कायद्यानें तेथें ‘सल्ला’ म्हटलें आहे, ‘संमति’ नव्हे. भगिनींस हरकत घ्यावयाचीच असेल, तर ती ‘अपवाद’ या शब्दास न घेतां या शब्दास घ्यावी.