चाळणीतून गळलेला गवंडी

"खरं सोनं असेल तर चमकल्याशिवाय राहत नाही." हे वाक्य ज्याने पहिल्यांदा म्हटलं, त्याने आयुष्यात कधी सोनं शोधलेलं नसणार. जमिनीखाली असतं तोवर सोनं अजिबात चमकत नाही. आधी कुणाला तरी खणावं लागतं.

हे डोक्यात येण्याचं कारण असं की, दादाच्या मुलाला एका बॅडमिंटन अकादमीने नुकताच नारळ दिला. वय वर्षं तेरा. कारण : "उंची नाही, ताकद नाही, पुढे जाणार नाही." मग रविवारी घरी सगळे जमले असताना आमच्या काकांनी त्याला जवळ बसवून कुठल्याशा सेमिनारमध्ये ऐकलेली हेरमान मायरची गोष्ट सांगितली. ऑस्ट्रियाचा स्कीपटू, लहानपणी नाकारलेला, गवंडीकाम केलेला, आणि शेवटी ऑलिंपिकची दोन सुवर्णपदकं! "बघ, जिद्द असली की कुणी अडवू शकत नाही."

काका, राग मानू नका. पण ही गोष्ट बरोबर उलटी आहे. मी या माणसाचा जुना चाहता आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मायर ७ डिसेंबर १९७२चा. गाव फ्लाखाऊ, साल्झबुर्ग प्रांतातलं. वडिलांची तिथे स्की शिकवण्याची शाळा, म्हणजे पोरगं चालायला लागलं तेव्हापासून बर्फावर. पंधराव्या वर्षी तो श्लाडमिंगच्या नावाजलेल्या स्की-शाळेत गेला आणि तिथून परत आला. अंगाने किरकोळ, आणि वाढीच्या वयातल्या दुखण्याने गुडघे बेजार. मग उन्हाळ्यात विटा रचायच्या आणि हिवाळ्यात वडिलांच्या शाळेत पर्यटकांना स्की शिकवायचं, असं त्याचं आयुष्य सुरू झालं.

इथे एक बारीक गोष्ट बघा. स्कीइंगमध्ये वयोगट जन्मवर्षावरून ठरतात. म्हणजे डिसेंबरात जन्मलेलं पोर जानेवारीत जन्मलेल्याच्या शेजारी उभं राहतं, आणि दोघांत जवळजवळ वर्षाचा फरक असतो. चाळिशीत एका वर्षाने काही बिघडत नाही. तेराव्या-चौदाव्या वर्षी मात्र तेवढ्यात आवाज फुटतो आणि पोर वीतभर वाढतं. निवडणाऱ्यांना वाटतं आपण गुणवत्ता मोजतोय. बऱ्याचदा ते मोजत असतात जन्मतारीख.

आता गोष्टीतला तो भाग, जो सेमिनारवाले घाईत उरकतात.

जानेवारी १९९६मध्ये वर्ल्ड कपची जायंट स्लालम शर्यत फ्लाखाऊला आली. म्हणजे मायरच्याच गावात. अशा शर्यतीआधी काही जणांना उतारावरून खाली सोडतात. त्यांनी ट्रॅक ठीक आहे का, घड्याळं चालतात का हे तपासून द्यायचं. त्यांची वेळ नोंदली जाते, पण निकालात धरत नाहीत. तेवीस वर्षांचा मायर त्या दिवशी असा खाली उतरला आणि त्याची वेळ निघाली बाराव्या क्रमांकाची! जगातले सर्वोत्तम लोक खरी शर्यत लढत होते, आणि हा गवंडी नुसती वाट तपासायला आला होता.

कुणी म्हणेल, पहिला उतरणाऱ्याला कोरा ट्रॅक मिळतो. खरंय. मागून येणाऱ्यांना चाकोऱ्या पडलेला बर्फ मिळतो. पण मग हेही कबूल करा की नवख्याला एरवी नेहमी मागचाच नंबर मिळतो, म्हणजे नेहमी खराब ट्रॅक. आयुष्यात एकदा त्याला इतरांसारखा बर्फ मिळाला आणि त्याने काय करून दाखवलं ते घड्याळाने लिहून ठेवलं.

त्यानंतर सगळं भराभर झालं. पुढच्याच महिन्यात वर्ल्ड कपमध्ये पदार्पण, फेब्रुवारी १९९७मध्ये गार्मिशला पहिला विजय, आणि १९९८ला एकूण गुणांचं विजेतेपद. नागानोचं तर सगळ्यांना पाठ आहे : डाउनहिलमध्ये हवेत आडवा होऊन संरक्षक जाळ्या फाडत पलीकडे पडला, तीन दिवसांनी सुपर-जीचं सुवर्ण, आणखी तीन दिवसांनी जायंट स्लालमचं. ऑगस्ट २००१मध्ये मोटरसायकलच्या अपघातात पाय जवळजवळ गेलाच होता. जानेवारी २००३मध्ये किट्सब्यूलला पुन्हा जिंकला. कारकिर्दीत वर्ल्ड कपच्या ५४ शर्यती आणि एकूण विजेतेपद चार वेळा. २००९मध्ये निवृत्त झाला. जिद्द? अहो, वाद कुठे आहे? त्या माणसाला जिद्द नव्हती असं म्हणायला मीही वेडा नाही.

माझा प्रश्न वेगळा आहे. ती शर्यत त्या वर्षी दुसऱ्या गावात झाली असती तर? वडिलांची स्की-शाळा नसती, तर तेविशीपर्यंत रोज बर्फावर राहणं त्याला परवडलं असतं का? ट्रॅक तपासणाऱ्यांच्या वेळा कुणी नोंदल्याच नसत्या तर? यातली एक जरी गोष्ट हुकली असती, तर फ्लाखाऊमध्ये आज एक उत्तम गवंडी असता. त्याच्याकडे तेवढीच जिद्द असती आणि त्याचं नाव काकांना माहीत नसतं.

म्हणून म्हणतो, मायरची गोष्ट "जिद्द असली की होतं" हे सिद्ध करत नाही. तिच्यातून एवढंच सिद्ध होतं की पंधराव्या वर्षीची चाळणी त्याच्यासारख्यालाही गाळू शकते. तीही ऑस्ट्रियात, जिथे स्की हा जवळपास धर्म आहे आणि पारखी लोक गल्लोगल्ली आहेत. तिथे हे होतं, तर आपल्याकडच्या चाळण्यांबद्दल काय बोलावं?

बरं, तो एकटाच अपवाद म्हणावा, तर त्याच्याच संघातला श्टेफान एबरहार्टर घ्या. १९९१च्या जागतिक स्पर्धेत एकविसाव्या वर्षी दोन सुवर्णपदकं. मग दुखापती, आणि संघातून बाहेर. खालच्या दर्जाच्या युरोपा कपच्या शर्यतींतून तो परत वर चढला. २००२चं जायंट स्लालमचं ऑलिंपिक सुवर्ण त्याचं, आणि २००२ व २००३ची वर्ल्ड कपची एकूण विजेतेपदंही त्याचीच. त्यालाही मागचं दार उघडं मिळालं म्हणून तो आपल्याला दिसला.

आता दुसरी बाजू. बर्फ, कोच, पैसा सगळं मोजकंच असतं. प्रत्येक पोराला सगळं देता येत नाही. निवड करावीच लागते. मान्य. अकादमीवाल्यांवर माझा राग निवड केली म्हणून नाही. "आज तू बसत नाहीस" म्हणा ना! "तू पुढे जाणार नाहीस" हे तुम्हाला कुणी सांगितलं? पहिलं वाक्य मोजमाप आहे, दुसरं ज्योतिष. तेराव्या वर्षी नाही म्हटलं तर पंधराव्या वर्षी पुन्हा बघा, सतराव्या वर्षी पुन्हा बघा. स्पर्धा खुल्या ठेवा, बाहेरच्या पोरांनाही खेळू द्या, आणि त्यांचे आकडे कुठेतरी लिहून ठेवा. दुसरं दार ठेवायला फार पैसे लागत नाहीत. ते दार आहे हे पोरांना माहीत असलं पाहिजे, एवढंच.

आणि "सोनं असेल तर चमकेल" हे वाक्य मला का खुपतं तेही सांगून टाकतो. ते ऐकायला धीर दिल्यासारखं वाटतं, पण त्याची दुसरी बाजू पोराच्या डोक्यात आपोआप उमटते : नाही चमकलो, म्हणजे मी सोनं नव्हतोच. चूक चाळणीची, आणि शिक्षा मात्र पोर स्वतःला देतं. रविवारी काकांची गोष्ट संपल्यावर पुतण्याने एकच प्रश्न विचारला होता, "आणि जे परत आले नाहीत त्यांचं काय झालं?" सगळे हसले आणि चहा आला.

मी तेव्हा उत्तर दिलं नाही, ते आता देतो. त्यांच्यातल्या काहींना ती दुसरी संधी मिळाली असती तर तेही जिंकले असते रे. त्यांच्यात काही कमी होतं असं समजू नकोस.

असो. वहिनी, रॅकेट माळ्यावर टाकू नका. आमच्या सोसायटीमागच्या हॉलमध्ये संध्याकाळी कुणीही येऊन खेळतं. शनिवारपासून मी त्याला घेऊन जातोय.