विश्लेषण : ‘सर्व्हर डाऊन’ असताना संगणकावर डायनासोर… कार्यालयातील टाइमपासबद्दल नियम काय सांगतात?

मालवणकडून जिल्हा मुख्यालयाला निघालेला माणूस कसालला मुंबई-गोवा महामार्गाला लागतो आणि ओरोसच्या सिंधुदुर्गनगरीत पोहोचतो. दाखल्यासाठी दिवस मोडून आलेल्या या माणसाला खिडकीपलीकडे कुणी मोबाइलमध्ये रमलेले दिसले, तर त्याचा पारा चढणारच. पण नियमाने नेमके बंद काय आहे?

टाइमपास कशावर होतो?

नेट गेले की क्रोममध्ये दिसणारा डायनासोर सर्वांच्या ओळखीचा. हा खेळ 2014 मध्ये आला. गुगलच्या 2018 मधील माहितीनुसार तो महिन्याला 27 कोटी वेळा खेळला जात होता. शेवटी शाळा-कार्यालयांना तो बंद करण्याची सोय गुगलनेच दिली. अमेरिकेतील नील अगरवाल यांच्या संकेतस्थळावर बिल गेट्स यांची संपत्ती उधळता येते. तिथल्याच ‘पासवर्ड गेम’मध्ये प्रत्येक पायरीला नवी विचित्र अट येते. डाउनलोड नको, नावनोंदणी नको. साहेब आले की टॅब बंद!

सरकारचे आदेश काय?

जुलै 2021 मध्ये सामान्य प्रशासन विभागाने मोबाइल वापराचे नियम काढले. कार्यालयात शक्यतो दूरध्वनी वापरावा, मोबाइलवर हळू आवाजात बोलावे, खासगी कॉल बाहेर जाऊन घ्यावेत, समाजमाध्यमे जपून वापरावीत, असे त्यात होते. जुलै 2025 चा शासन निर्णयही समाजमाध्यमांबाबतच आहे. पण त्याचा रोख शासनावरील टीका आणि गोपनीय कागदपत्रांवर. खिडकीसमोर ताटकळणाऱ्याचा त्यात संबंध नाही.

याच महिन्यात तत्कालीन कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांचा विधान परिषदेतील रमीचा व्हिडीओ गाजला. आपण खेळत नव्हतो, स्क्रीनवर आलेला खेळ बंद करत होतो, असे त्यांचे म्हणणे. 31 जुलैला त्यांचे कृषी खाते गेले आणि मिळाले ते नेमके क्रीडा!

मग नागरिकाने काय पाहावे?

हातातला मोबाइल नव्हे, अर्जाची तारीख. सर्व्हर बंद असताना कर्मचारी पाच मिनिटे डायनासोर पळवत असेल, तर त्याने कुणाचा दाखला अडत नाही. उलट, मोबाइलला हातही न लावता फाइल महिनाभर दाबून ठेवता येते. त्यावर मोबाइलच्या आदेशाचा इलाज नाही. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम 2015 चा आहे. त्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली असते. ती कार्यालयाने फलकावर लावायची असते. मुदत उलटली किंवा अर्ज फेटाळला, तर त्याच विभागात प्रथम अपील, मग द्वितीय अपील आणि त्यानंतर सेवा हक्क आयोग असा मार्ग आहे. सबळ कारणाशिवाय दिरंगाई केल्यास अधिकाऱ्याला 500 ते 5 हजार रुपये दंड होऊ शकतो. मात्र त्यासाठी तारखेची पोच हातात हवी. ‘नंतर या’ असे तोंडी ऐकून परत फिरलेल्याची मुदत मोजायला सुरुवातच होत नाही.